एकाच शाफ्टचे दोन फाटके बूट

फोनवर काका म्हणाले, "गाडी चालतेय रे, पण मागच्या उजव्या चाकाला आतून कुणी डांबर फासल्यासारखं झालंय."

"कधीपासून?"

"झाले असतील आठ-दहा दिवस. गड्याने ट्यूब गुंडाळून तारेने आवळलंय. आता काही उडत नाही."

मला धडकी भरली ती या शेवटच्या वाक्याने. चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्यावरचा रबरी बूट फाटून ग्रीस उडतंय तोवर आत ग्रीस आहे एवढं तरी कळतं. उडायचं थांबलं की एकतर गड्याने कमाल केलेली असते, नाहीतर आत उडण्यासारखं काही उरलेलं नसतं. कमाल फार क्वचित होते.

मे संपत आला होता. आंब्याच्या शेवटच्या पेट्या खाली उतरत होत्या आणि पुढच्या पंधरवड्यात मृग लागायचा होता. मृगानंतर याच गाडीने कलमांच्या आळ्यांत घालायचं शेणखत वर चढवायचं होतं. म्हणजे गाडी उभी राहून चालणार नव्हती. गॅरेजला आणताही येत नव्हती, कारण या गाडीला रस्त्याचं पासिंग नाही. ती बागेतच राहते, बाहेर काढायची तर टेम्पोवर चढवून. मग हत्यारं, जॅक, बेंच व्हाइस आणि पोऱ्या असं सगळं माझ्या गाडीत घालून मीच बागेत गेलो.

गाडी आणि तिची वाट

गाडी सेकंडहँड. बंद पडलेल्या एका ॲडव्हेंचर पार्ककडून घेतलेली. पुढे दोन माणसं बसतात, मागे छोटा हौदा, चारही चाकांना ओढ. ट्रॅक्टर जिथे वळत नाही आणि माणसाच्या डोक्यावरून पेटी नेताना पाय घसरतो, अशा उतारांसाठी काकांनी ती घेतली. बाग रत्नागिरीकडच्या कातळावर. खाली पऱ्या, पऱ्यातून वर येणारी जांभ्याची वाट, वाटेच्या दोन्ही अंगांना करवंदीच्या जाळ्या, आणि वर मांगर.

या गाडीची चारही चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर असतात. मधल्या गिअरबॉक्समधून प्रत्येक चाकाकडे एक शाफ्ट जातो आणि प्रत्येक शाफ्टला दोन जॉइंट असतात, एक गिअरबॉक्सकडचा आतला आणि एक चाकाकडचा बाहेरचा. चार शाफ्ट, आठ जॉइंट, आठ बूट. चाक वरखाली होतं तेव्हा शाफ्टचा कोन बदलतो, आणि कोन बदलला की दोन टोकांमधलं अंतरही थोडं बदलतं. ते अंतर आतला जॉइंट भरून काढतो. त्याच्या वाटीत सरळ खोबणी असतात आणि त्यांतून सहा गोळ्या मागेपुढे सरकतात. या सगळ्यावर भात्यासारखी चुण्यांची रबरी टोपी, ती म्हणजे बूट. तिची कामं दोनच : ग्रीस आत ठेवायचं आणि माती बाहेर.

आपल्याकडच्या गॅरेजांना हा प्रकार नवा नाही. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, ती पुढच्या चाकांवर चालणारी. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस बदलत आलेल्या मिस्त्रींना तिच्यामुळे 'ॲक्सल बूट' हा शब्द रोजचा झाला. म्हणूनच मला वाटलं, यात काय मोठंसं! हे वाटणं पुढे महागात पडलं. त्याकडे येतोच.

ट्यूबच्या आत

गाडी आंब्याखाली सपाट जागा बघून लावली. जॅकखाली ठेवायला गड्याने कौतुकाने चिरे आणून दिले. मी ते बाजूला ठेवले. चिरा दिसायला दगड, पण भार एका कोपऱ्यावर आला की भाकरीसारखा तुटतो आणि तुटण्याआधी सांगत नाही. लाकडी ओंडके घेतले, चाकांना अडण लावली, गाडी घोडीवर बसवली.

ट्यूब मोटारसायकलची होती. तारेचे तीन वेढे कापले तर ती हातात आली ती उकडलेल्या पडवळासारखी. फुगलेली, बुळबुळीत, नखाने तुकडा निघावा इतकी मऊ. ट्यूबचं रबर हवा धरून ठेवायला केलेलं असतं, तेल सोसायला नाही. खनिज तेलाचं ग्रीस लागलं की ते तेल पितं आणि फुगतं. बूट बनतो तो निओप्रीनचा किंवा तेलाला दाद न देणाऱ्या खास प्लॅस्टिक-रबराचा. दोन्ही काळेच, दोन्ही ताणले जातात, त्यामुळे गड्याचा काही दोष नव्हता. उलट त्याने बांधलं म्हणून निदान मोठाली खडी आत गेली नाही.

ट्यूबखाली मूळ बूट. आतल्या जॉइंटचा. तो मी लगेच कापून फेकला नाही, हे त्या दिवशी मी केलेल्या थोड्या शहाण्या गोष्टींपैकी एक. चिंधीने पुसून उजेडात धरला. फाट सरळ होती, साधारण बोटाच्या दोन पेरांएवढी, चुण्यांना आडवी कापत गेलेली. कडा स्वच्छ, आणि एका बाजूची कड आत दुमडलेली. बाकीचं रबर जिवंत होतं. चुण्या ताणून पाहिल्या तरी कुठे बारीक चिरा नाहीत. म्हणजे म्हातारपणाने फाटलेला नव्हता. कोणीतरी भोसकला होता.

गडी म्हणाला, "दगड लागला असेल." दगडाने रबर चेचलं जातं, खरवडलं जातं, असं कापलं जात नाही. मग गाडी जिथे रोज वळवून मागे घेतात तिथे, मांगराजवळ, आम्ही वाकून पाहत गेलो. हंगामाआधी वाट मोकळी करताना करवंदी कोयत्याने तोडल्या होत्या. कोयत्याचा घाव तिरपाच बसतो. उरलेला खुंट वितीएवढा, वाळून कडक झालेला आणि वर टोकदार. असे पाच-सहा खुंट, शाफ्टच्या उंचीचे. गाडी मागे घेताना चाक खड्ड्यात उतरलं की शाफ्ट थेट त्यांच्यावर. एका खुंटाच्या टोकाला काळं ग्रीस वाळून चिकटलं होतं. गुन्हेगार जागीच सापडला.

खुंट जमिनीसरशी करायला सांगितलं आणि मी जॉइंटकडे वळलो.

शाफ्ट काढणं म्हणजे तासाभराचं काम : चाक, कॉटर पिन, हबचा मोठा नट, कॅलिपर सोडून तारेने वर टांगायचा (ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत सोडायचा नाही), चाक धरून ठेवणाऱ्या ए-आर्मचे बोल्ट, हब बाहेर झुकवून शाफ्टचं टोक मोकळं. आतलं टोक गिअरबॉक्समध्ये एका बारीक सर्कलिपवर अडकलेलं असतं. ते काढताना शाफ्टला हिसका मारायचा नाही, नाहीतर जॉइंट आतल्या आत सुटतो. टॉमी जॉइंटच्या वाटीच्या मागे घालून उचकटायची. गाडी थोडी डावीकडे कलती ठेवली की गिअरबॉक्सचं तेलही सांडत नाही.

वाटी उघडली. आतलं ग्रीस काळं असायला हवं होतं, ते विटकरी होतं. अंगठा आणि तर्जनीत चोळलं तर कचकच लागली, जेवताना भातात खडा लागावा तशी. जांभ्याची माती म्हणजे मुख्यतः लोखंडाचे आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. सोनार ज्या तांबड्या भुकटीने दागिना चमकवतो तीही लोखंडाचं ऑक्साइडच. म्हणजे इथे जॉइंट दहा दिवस स्वतःला पॉलिश करत बसला होता.

पोऱ्याला परात आणायला सांगितली होती. त्याने आणली, पण हाताशी ठेवली नाही. वाटीच्या तोंडची तारेची रिंग काढून मी गोळ्या धरून ठेवणारा पिंजरा तिरका केला तशा पाच गोळ्या माझ्या हातात आल्या आणि सहावी आंब्याच्या पाल्यात गेली. पाऊण तास दोघं गुडघ्यावर. शेवटी काकांच्या नातीने ती शोधली, ती म्हणे गोटी समजून खिशात टाकणार होती.

गोळ्या, पिंजरा, आतला ताऱ्याच्या आकाराचा तुकडा, वाटी सगळं डिझेलमध्ये दोनदा, मग ब्रेक क्लीनरने धुऊन वाऱ्याने कोरडं केलं. आता खरा प्रश्न : जॉइंट ठेवायचा की बदलायचा? नव्या अख्ख्या शाफ्टची किंमत बूट किटच्या कित्येक पट, म्हणून घाई नको. मी तीन गोष्टी बघतो. गोळ्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे आहेत का. पिंजऱ्याच्या खिडक्यांच्या कडा गोळीने चेपून पायरी पडली आहे का. आणि खोबणीत नख फिरवलं तर अडकतं का. गोळ्या धड होत्या, खिडक्या धड होत्या. खोबणींत मात्र, पुढे जाताना जी बाजू भार घेते त्या बाजूला, एक मंद पट्टा दिसत होता. चकाकी गेलेली, पण नख अडकत नव्हतं. काकांना दाखवलं आणि सांगितलं, "चालेल, पण याने आयुष्याचा काही हिस्सा खर्च केलाय." ते म्हणाले, "आपण सगळ्यांनीच केलाय. घाल."

माझी चूक

मूळ बूट जवळपास कुठे मिळेना. मागवला तर यायला तीन आठवडे लागतील असं कळलं. काकांना तीन आठवडे नव्हते. मी व्हर्निअरने तीन मापं घेतली, लहान तोंड, मोठं तोंड आणि लांबी, आणि गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन शेल्फावरचे बूट मोजत बसलो. एका छोट्या हॅचबॅकचा आतला बूट तिन्ही मापांना तंतोतंत बसला. दुकानदारही खूश, मीही खूश. किटमध्ये ग्रीसची पुडी होती, मॉलिब्डेनमवालं काळं ग्रीस. तेच वापरलं. ग्रीसगनमधलं चेसिसचं पिवळं ग्रीस इथे घालणारे लोक आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांच्या गाड्या मात्र पुन्हा भेटतात.

जोडणी नीट केली. शाफ्टच्या दात्यांवर टेप गुंडाळून आधी लहान क्लिप, मग बूट, मग जॉइंट. (जॉइंट बसवून सर्कलिप लावून झाल्यावर बूट टेबलावरच राहिलेला दिसणं, हा अनुभव ज्याने घेतला नाही तो मिस्त्री नव्हे.) निम्मं ग्रीस गोळ्यांत दाबून, उरलेलं बूटात. जॉइंट त्याच्या सरकण्याच्या मध्यावर ठेवला, लहान तोंडाखाली बोथट स्क्रू ड्रायव्हर घालून अडकलेली हवा काढली, मग कान दाबून बसवायच्या स्टीलच्या क्लिपा. गडी जुबली क्लिप घेऊन उभा होता. तिला मी नको म्हटलं, कारण तिच्या स्क्रूचं डोकं शाफ्टबरोबर फिरताना गवत आणि वेली गोळा करतं, आणि क्लिप पूर्ण गोल आवळतही नाही.

नट आवळताना एक गंमत झाली. पुस्तकात आकडा 80 फूट-पाउंड, माझा रेंच न्यूटन-मीटरचा. पोऱ्याने रेंचवर 80 च लावलं आणि 'टक' आवाज आला म्हणून खूश झाला. 80 फूट-पाउंड म्हणजे 108 न्यूटन-मीटर. तसंच सोडलं असतं तर हबचं बेअरिंग ढिलं राहून महिन्याभरात चाक डुलायला लागलं असतं. पुन्हा आवळलं, नवी कॉटर पिन घातली, गाडी वाटेवर चढवून उतरवून पाहिली. आवाज नाही, कंप नाही.

निघताना काकांना एकच काम लावून दिलं : रोज संध्याकाळी गाडी लावली की चारही चाकांच्या आतल्या अंगाला एकदा बॅटरी मारायची. लाल चिखल दिसला तर ठीक. काळं, चकाकणारं काही दिसलं तर मला फोन.

फोन आला एकोणिसाव्या दिवशी. "काळं दिसतंय."

दुसऱ्यांदा

यावेळी पाऊस होता. मांगराच्या पडवीत ताडपत्री लावून काम केलं. काकांनी पहिल्याच संध्याकाळी पाहिलं होतं, त्यामुळे ग्रीस अजून काळंच होतं, फार तर कडेला थोडी लाली. जॉइंटची चिंता नव्हती. चिंता होती ती माझ्या अब्रूची.

बूट काढला. मला वाटलं, पुन्हा खुंट. पण ही फाट वेगळीच होती. चुण्यांना आडवी नव्हती. एका चुणीच्या तळाशी, खोलगट भागात, गोल फिरत गेलेली, जवळजवळ अर्ध्या घेरापर्यंत. कडा कापलेल्या नव्हत्या, खरखरीत होत्या, जुना चामड्याचा पट्टा भोकापाशी तुटतो तशा. आणि तिच्या शेजारच्या चुण्यांच्या कुशी एकमेकींवर घासून गुळगुळीत, चमकदार झालेल्या. एकोणीस दिवसांचा बूट म्हातारा होऊन मेला होता.

तेव्हा कुठे मी ती गोष्ट केली जी पहिल्या दिवशी करायला हवी होती. गाडी चेसिसवर उचलून चाक मोकळं लटकू दिलं आणि खाली झोपून शाफ्टकडे पाहिलं. शाफ्ट चांगलाच तिरका होता. पलीकडे डाव्या बाजूला मूळ बूट अजून होता, त्याच्या वरच्या चुण्या ताणून सपाट झालेल्या आणि खालच्या एकमेकींत चेपलेल्या. चाक हाताने फिरवलं की प्रत्येक चुणी फेरीला एकदा ताणली जायची, एकदा चेपली जायची.

चूक लक्षात आली. कारचा आतला जॉइंट फार कोन घेत नाही. वळणाचा मोठा कोन बाहेरचा जॉइंट घेतो, आतल्याकडे मुख्यतः सरकायचं काम असतं, म्हणून त्याचा बूट तेवढ्यापुरताच केलेला असतो, थोड्या चुण्यांचा आणि जाड रबराचा. या गाडीचे शाफ्ट आखूड आणि चाकाची वरखाली हालचाल मोठी, त्यामुळे आतल्या जॉइंटलाही मोठा कोन घ्यावा लागतो. माझी तिन्ही मापं बरोबर होती. चौथं माप, म्हणजे बूट किती वाकू शकतो, ते व्हर्निअरवर येत नाही.

पण एवढ्याने माझं समाधान होईना. कोन जास्त, हे खरं. मात्र तो इतका जास्त असावा का? मोबाइलवरच्या लेव्हलने मोजलं : गाडी रिकामी, चारही चाकं जमिनीवर, तरी मागचा शाफ्ट 18 अंश उतरता. मग शॉकच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) वरच्या टोकाशी गेलो तर तिथे कंपनीचा नसलेला एक जाड पत्र्याचा ब्रॅकेट. चारही शॉकना तसाच. आधीच्या मालकाने गाडी उंच दिसावी म्हणून शॉकचं वरचं टोक खाली घेऊन सगळी गाडी सुमारे 50 मिलिमीटर उचलली होती. दोन जॉइंटमधलं अंतर साधारण 450 मिलिमीटर. तेवढ्या लांबीवर 50 मिलिमीटरचा फरक म्हणजे सहा अंशांहून थोडा जास्त. मूळ कोन साडेअकरा-बारा असणार. शिवाय ब्रॅकेटमुळे शॉक पूर्ण उघडतो तेव्हा चाकही तेवढंच आणखी खाली जातं. नुसती स्प्रिंगखाली चकती घातली असती तर गाडी उचलली गेली असती, पण चाकाची खालची हद्द तीच राहिली असती.

मग डाव्या मूळ बूटाच्या चुण्या दोन अंगठ्यांनी फाकवल्या. तळाशी केसाएवढ्या चिरा, गोल फिरणाऱ्या, अजून आरपार न गेलेल्या. उजव्या मूळ बूटात त्या नव्हत्या, हे मी पहिल्या दिवशी पाहिलं होतं. बहुधा तो आधीच्या मालकाने मध्ये कधीतरी बदललेला असावा. डावा मात्र जुना होता, आणि त्याच वाटेने चालला होता जिथे माझा हॅचबॅकचा बूट एकोणीस दिवसांत पोचला.

आणखी एक गोष्ट जुळली. आंब्याच्या दिवसांत हौद्यात पेट्या असायच्या, गाडी मागे दबलेली आणि शाफ्ट बऱ्यापैकी सरळ. जूनमध्ये खत वर टाकून गाडी रिकामी उतरायची, तीही जोरात, दगडांवर उडत. चाक हवेत लटकतं ते त्याच वेळी. ओझं नव्हतं म्हणून बूट फाटला, हे काकांना पटवायला मला बराच वेळ लागला. ते म्हणत होते, "म्हणजे मी खाली येताना दगड भरून आणू का?"

थांबणं आणि उतरवणं

यावेळी मी मूळ मापाची दोन किट मागवली, दोन्ही मागच्या आतल्या बूटांसाठी. यायला अठरा दिवस लागले. मधले दिवस वाईट गेले. काकांचं म्हणणं होतं की बूट चिकटवून द्यावा, तेवढे दिवस ओढू. चिरलेला बूट बाहेरून गुंडाळून सांध्याला चिकटवायचा, असे तयार बूट मिळतात. कोरड्या, स्वच्छ जागी, फारसा कोन न घेणाऱ्या शाफ्टवर ते तग धरतात. पण ग्रीसचा एक थेंब सांध्यात आला की चिकट सुटतं, आणि इथे तर पावसात, चिखलात, 18 अंशांत काम होतं. मी नाही म्हटलं. शाफ्ट काढून तीन चाकांवर चालवायची कल्पनाही निघाली. हबचं बेअरिंग शाफ्टच्या टोकाने आणि त्या नटानेच आवळलेलं राहतं, शाफ्ट काढला की ते मोकळं होतं, म्हणून तीही बाद. खत माणसांच्या डोक्यावरून चढलं. काका माझ्याशी आठवडाभर तुटक बोलत होते, आणि मागच्या वेळी मीच घाईने हॅचबॅकचा बूट घातला होता तेव्हा त्यांचंही बरोबर होतं.

किट आली. पुडी फोडण्याआधी नवा बूट आणि हॅचबॅकचा बूट शेजारी ठेवले. तोंडं सारखी, लांबीही जवळपास सारखी. पण नव्याला दोन चुण्या जास्त, चुण्या खोल आणि रबर पातळ. बोटाने एका बाजूला दाबला तर सहज कलंडला. हॅचबॅकचा ताठ उभा राहिला. हे दुकानातल्या काउंटरवरही करता आलं असतं, अर्ध्या मिनिटात.

ब्रॅकेट काढण्यावरून पुन्हा चर्चा झाली. काकांना उंची हवी होती, कातळाची उघडी डोकी खालून लागतात म्हणून. आम्ही वाट चालून आलो. लागतात अशी ठिकाणं तीनच निघाली. दोन दगड पहारीने बाजूला केले, तिसऱ्याला वळसा घातला. ब्रॅकेट निघाले. पुन्हा मोजलं तर रिकाम्या गाडीला 12 अंश.

राहिला खोबणीतला तो मंद पट्टा. दोन्ही मागचे शाफ्ट शेजारी ठेवून मोजले, लांबी सारखी, दाते सारखे. म्हणून अदलाबदल केली : उजवा डावीकडे, डावा उजवीकडे. शाफ्ट बाजू बदलतो तेव्हा त्याच्यावरचा पीळ उलटा होतो, आणि गाडी पुढे जाताना गोळ्या खोबणीच्या न झिजलेल्या बाजूवर भार टाकतात. झीज अशाने बरी होत नाही, फक्त बरीचशी मागे जाताना वापरात येते, आणि ही गाडी मागे फार कमी जाते. शाफ्टची लांबी दोन्हीकडे वेगळी असेल तर हा खेळ करू नये. करता येतही नाही.

दोन्ही शाफ्ट बसले. यावेळी रेंच पोऱ्याने स्वतःच 108 वर लावला आणि मला दाखवून मग आवळलं.

एक सूचना गड्यालाही दिली. बांधावरून खाली उतरल्याबरोबर गाडी पऱ्याच्या पाण्यात घालायची त्याला सवय होती, धुवायला सोपं पडतं म्हणून. उतारावरून आलेला जॉइंट गरम असतो, बूटातली हवाही. थंड पाण्यात ती एकदम आखडते आणि क्लिप जराशी ढिली असली की पाणी आत ओढून घेते. दहा मिनिटं थांबून मग गाडी पाण्यात घाल म्हटलं. तो म्हणाला, "मग तेवढ्यात विडी होते."

ऑक्टोबरात, पाऊस थांबल्यावर, मी सहज म्हणून बागेत गेलो. गाडी जॅकवर घेतली, चाकं लटकती सोडली, आठही बूटांच्या चुण्या एकेक करून फाकवल्या. मागचे दोन्ही आतले बूट कोरडे, तळाला चिरा नाहीत. मागचे दोन्ही बाहेरचे जुने, पण ठीक. पुढच्या डाव्या बाहेरच्या बूटावर मात्र एका चुणीच्या डोक्यावर नखाएवढा चमकणारा ठिपका होता. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून बघितलं, तर ब्रेकचा पाइप बरोबर तिथे टेकत होता. ब्रॅकेट काढून गाडी खाली आली तेव्हा पाइपाला सैलपणा आला होता आणि तो आत झुकला होता. पाइप धरणारी पट्टी एक भोक वर घेतली, ठिपक्यावर खडूने गोल केला आणि काकांना सांगितलं की बॅटरी मारताना त्या गोलाकडे जरा जास्त बघा.

"म्हणजे तुझ्या ब्रॅकेटनेच हे केलं," काका म्हणाले.

"ब्रॅकेट माझा नव्हता," मी म्हटलं. "काढला मी."

"तेच ते," म्हणत ते चहा सांगायला आत गेले.